वीतभर

बाण वीतभर मागे लागला.
आवाजानेच कळलं: ओल्या पोत्यावर
काठी बसावी तसा.
हरणाने पाठ कमानीसारखी उचलली, दोन उड्या,
आणि मग चालू लागलं.
धावलं असतं तर बरं होतं.

अंधार पडेस्तोवर मी झाडावरच्या फळीवरून उतरले नाही.
बाण नेच्यांत सापडला. विजेरी धरली,
पिसांवरून बोट फिरवलं, हुंगलं:
आंबलेली ओकची फळं, हिरवट ओल, शेण.
रक्तात फेस नाही. म्हणजे फुफ्फुस नाही.
म्हणजे पोट.
म्हणजे रात्रभर थांबायचं.
मागे लागलं की ते उठतं, उठलं की जातं,
आणि मग कुणालाच सापडत नाही
कावळ्यांखेरीज.

अकरा वर्षं धनुष्य ओढतेय.
बोटं गारठली होती, ऊन कलत होतं,
त्याने पाऊल टाकलं आणि मी नेमका तेव्हाच सोडला.
घाई. याला दुसरं नाव नाही.

घरी सूप गरम केलं, खाल्लं नाही.
दोन वाजता नदीपलीकडे कायोटींची कोल्हेकुई उठली;
खिडकी उघडून उभी राहिले,
जणू मी ऐकतेय म्हणून ते गप्प होतील.

पहाटे एल्मा कोस्केला आली,
सत्त्याहत्तर वर्षांची, आणि तिची डॅशहुंड निप्सू,
पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं.
एल्मा पैसे घेत नाही.
"बाण दाखव," म्हणाली, आणि हुंगून,
"हं."
एवढंच.

दहिवर गोठलेलं. रक्ताचा थेंब
कुठे पानाच्या मागे, कुठे नाहीच.
आम्हाला काही दिसेना तिथेही निप्सू दोर ताणत राहिली,
आणि थांबली ती रेइनो हाउतालाच्या कुंपणाशी.
"प्रवेश बंद"च्या पाट्या,
माझ्या नवऱ्याशी भांडून ठोकलेल्या.
दार वाजवलं. तो लोकरी मोज्यांत उभा.
मी सांगितलं. वीतभर मागे, हेही सांगितलं.
त्याने बूट घातले.

तीन ठिकाणी बसलं होतं ते.
तीन ठिकाणी गवत दबलेलं, मधोमध काळपट ओल.
रात्री मी कूस बदलत होते,
ते जागा.

सीडारच्या दलदलीत, पाण्यापासून चार हातांवर
सापडलं. थंड. डोळे उघडे,
आणि तोंड आल्या वाटेकडे,
कोण मागून येतंय ते बघत.
म्हणजे माझ्याकडे.

हातमोजा काढला. करंगळी भोकावर ठेवून
पंजा ताणला: अंगठा बरोबर तिथे पोचला
जिथे बाण बसायला हवा होता.
वीतभर पोट, म्हणतात.
त्याचं. माझं.

आतलं नासलं होतं. झऱ्याच्या पाण्याने धूत राहिलो
हात बधिर होईपर्यंत, तिघंही न बोलता.
अर्धं मांस वाचलं. एक मांडी रेइनोकडे.
निप्सूला काळजाचा तुकडा; ते मात्र शाबूत होतं.
रेइनोच्या पाट्या अजून आहेत.

सोमवारी शाळेच्या बसमध्ये चढता चढता
कॉर्बिनने विचारलं, "मारलं का?"
"सापडलं," म्हटलं मी,
दार ओढलं, गिअर टाकला.