बत्तीस गुणिले बत्तीस

कोत्का बंदरातली क्रेन सोडून
ताइस्तोला सहा वर्षं झाली.
आता बत्तीस चौकोन आडवे, बत्तीस उभे,
ठिपका ठिपका रंगवत बसतो.
पिवळं फोल्डर पुसून तिथं सौनातली बादली,
टपालाच्या पाकिटाजागी
एका पायावर उभा कुरव.

बाहेर तीन वाजताच अंधार.

"माझी बँक कुठं गेली?" इर्या खेकसते.
तो पडद्यावर बोट टेकवतो:
गोठलेल्या तळ्याला पाडलेलं भोक, गळ टाकायचं.
"पैसा तिथंच जातो ना?"
ती हसत नाही. चष्मा पुसते,
डबल क्लिक करते,
विजेचं बिल भरून निघून जाते.

सकाळी
भोकाच्या कडेला एक मासा.
सात ठिपक्यांचा, वाकडा,
शेपटीला चक्क जांभळा रंग.

असा मासा या तळ्यात नसतो,
हे त्याला माहीत आहे.
सेव्ह करतो.