पस्तीस मिलिमीटर

ब्रेमरहाफन, फेब्रुवारी. गॅरेजात श्वासाची वाफ दिसते.
बाबा स्टुलावर, मांडीवर केटली,
चहाची नव्हे, भोकावर ओतायच्या पाण्याची.
ड्रिल माझ्या हातात.

खरं तर हे उलट असायला हवं.
ओनो यान्सन, गोदीतला पाइपफिटर, एकतीस वर्षं
जहाजांच्या पोटात भोकं पाडून
समुद्राला आत न येऊ देणारा माणूस.
आता त्याचा उजवा हात दिवसभर
स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो
आणि बशीतला चमचा त्याला हो हो म्हणतो.

नोव्हेंबरात त्यानं एकट्यानं करून पाहिलं होतं,
रात्री, कुणाला न सांगता, थेट तळाला.
तळाची काच भट्टीत कडक केलेली निघाली.
आवाज फुटण्याचा नव्हता म्हणे,
कुणीतरी पोतंभर खडीसाखर ओतल्याचा होता.
पहाटेपर्यंत तो झाडत बसला.
मला फोन केला नाही.
परवा त्याच्या बुटात एक खडा सापडला, चौकोनी,
मी तो काहीच न बोलता खिडकीत ठेवला
आणि त्यानं काहीच न बोलता उचलून टाकला.

ही टाकी श्रीमती त्यार्क्स यांच्याकडची, जुनी.
सिलिकॉनच्या कडेला अजून शेवाळाची हिरवी रेघ.
या वेळी आम्ही आधी परीक्षा घेतली:
मागे लॅपटॉपचा पांढरा पडदा, डोळ्यांवर त्याचा मासेमारीचा गॉगल.
काळे डाग दिसले तर कडक, हात लावायचा नाही.
तळाला दिसले. मागच्या काचेला नाही.
"मागची," तो म्हणाला. "वरून चार बोटं खाली."

लाकडी फळीचा साचा, दोन शिकंजे,
भोवती प्लास्टिसिनचं आळं, आळ्यात पाणी.
टाकी पालथी नाही, आडवी, जुन्या घोंगडीवर,
दवाखान्यातल्या माणसासारखी कुशीवर निजवलेली.

"दाबू नकोस. यंत्राचं वजन पुरे."
मी दाबत नाही.
"दाबतेयस."

पाणी दुधाळ होत जातं.
हिऱ्याची कड काचेला खाते की चाटते, कळत नाही,
मध्येच मला आईची हातानं फिरवायची कॉफीची चक्की आठवते,
तिचा याच्याशी काही संबंध नाही.
तो केटली कलवतो. धार हलते,
कधी भोकावर, कधी माझ्या मनगटावर, थंडगार.
मी सरकत नाही.

मग तो कानातलं यंत्र काढून खिशात टाकतो
आणि डावा नव्हे, उजवा तळवा काचेवर टेकवतो.
काच थरथरतेय की हात,
मला सांगता येणार नाही.
त्याला येतं.
"आता," तो म्हणतो, "आता राहिलाच असेल एक मिलिमीटर.
आता नुसतं धर."

नुसतं धरणं किती वेळ चालतं?
घड्याळात दीड मिनिट.

टप्.
खालच्या ओल्या टॉवेलवर काचेची चकती,
नाण्यापेक्षा मोठी, बिस्किटाहून लहान,
कडेला नख कापल्याएवढा टवका.
मी बघते त्याच्याकडे. तो बोट फिरवतो त्या कडेवरून.
"गॅस्केटखाली जाईल," म्हणतो.
आमच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक
मी कधी ऐकलेलं नाही.

नट हातानंच आवळायचा, पान्यानं नाही.
मग पान्यानं पाव फेरा. मग थांबायचं.
थांबायला त्याला गोदीत सहा वर्षं लागली होती,
मला संध्याकाळपर्यंत जमलं.

रात्री टाकी भरून ठेवली, खाली वर्तमानपत्र अंथरलं.
तीनला जिना वाजला. सपाता.
कागदावरून तळवा फिरल्याचा कोरडा आवाज.
परत जिना.
चारला पुन्हा.

चकती माझ्या कोटात आहे, बसच्या पासाशेजारी.
मासे कोणते आणायचे
ते अजून ठरलेलं नाही.