हरकतीची मुदत

माझ्याकडे काम होतं ते पट्टीचं.
लांब उडीच्या फळीपुढे मेणाची हिरवी पट्टी बसवतात.
पाय रेषेपुढे गेला की तिच्यावर खूण उमटते,
मग गोचा सर लाल झेंडा वर करतात
(एरवी ते आम्हाला भूगोल शिकवतात,
आणि चूक दिसली की आधी त्यांची मान हलते)
आणि मी कलथ्याने पट्टी सारखी करते.
चार दिवस झाले. हात आपोआप चालतो.

कुतैसीत एवढी मुलं कधी आली नव्हती.
आमच्या नववी-ब मध्ये बाकं भिंतीला लावून खाटा टाकल्यात;
फळ्यावर, बीजगणिताच्या खाली,
कुणीतरी आपल्या लिपीत काहीबाही लिहिलंय.
बाई म्हणाल्या, राहू दे.
वाटेवर पांढरी तुती गळतेय,
साठ देशांच्या बुटांच्या तळाला
तेच चिकट गोड.

त्याच्या छातीवर नंबर होता चारशे अकरा.
काबो व्हेर्दे.
नकाशावर सर काठीच्या टोकाने दाखवायचे,
आणि त्या टोकाखालीच सगळी बेटं झाकून जायची.

पहिल्या दोन उड्या बेताच्या.
तिसरीला तो धावत निघाला
तेव्हा मी कलथा खाली ठेवला. का, ते सांगता येणार नाही.
वाळू उडाली ती पार पलीकडे,
जिथे सकाळपासून कुणाची टाच पोचली नव्हती;
फीत धरणाऱ्या दोघी उठून उभ्या राहिल्या.

सरांची मान हलली.

लाल.

तो परत आला, पट्टीपाशी उकिडवा बसला.
खूण होती.
तिळाएवढी, पण होती.

मला काहीतरी बोलायचं होतं.
आईला बारीला जाऊन सहा वर्षं झाली,
तिथे ती परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते,
आणि फोनमधून तिची इटालियन थेंबथेंब माझ्यात उतरते.
मी म्हटलं, "पेक्कातो."
आई म्हणते तसंच.
दूध उतू गेलं तरी पेक्कातो,
माझा वाढदिवस हुकला तरी पेक्कातो.
अरेरे, एवढाच अर्थ.

त्याच्या पोर्तुगीजमध्ये त्याचं पाप झालं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, खुणेकडे पाहिलं,
मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात
तिळाएवढी फट धरून विचारलं:
एवढंसं?
आणि हसला.
पुढचा उडीवाला धावपट्टीवर येऊन उभा होता,
नाहीतर मी तिथेच रडले असते.

नियम असा, की अशी पट्टी लगेच पुसायची नाही.
काढून ठेवायची, दुसरी बसवायची.
अर्धा तास हरकतीची मुदत.
त्यांचं पथक तिघांचं;
त्यांचे प्रशिक्षक एकटेच, नदीपलीकडे तरणतलावावर,
दुसऱ्या मुलाबरोबर.

मी पट्टी मांडीवर घेऊन स्टँडच्या सावलीत बसले,
ऊन सरकलं तशी सरकत.
दहा मिनिटं. फाटकातून बर्फाची गाडी आली.
अठरा. एक लाटवियन मुलगी स्वच्छतागृह विचारून गेली.
तेवीस. टोपी घातलेला एक माणूस धावत आला,
माझ्या छातीत धस्स झालं,
पण तो फुलं घेऊन आला होता, दुसऱ्याच कुणाच्या पदकासाठी.
सत्तावीस.
तो दूर गवतावर पाय पसरून
दुसऱ्यांच्या उड्यांना टाळ्या वाजवत होता.

सर घड्याळ बघत आले,
तक्त्यात चारशे अकरासमोर लिहिलं:
हरकत नाही.

माझी होती.
पण पट्टी धरणाऱ्यांसाठी तक्त्यात रकाना नसतो.

कलथा हाताशी होता.
मी अंगठ्यानेच पुसलं.
तीळ गेला, आणि त्या जागी
माझ्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या,
नकाशातल्या डोंगरासारख्या, एकात एक.

सर म्हणाले, एलिसो, हे काय?
नीट सपाट कर.

मग कलथा घेतला.