शिक्षेच्या प्रमाणाबाबत

एकतीस वर्षं मी सेशन कोर्टात लघुलेखक होते.
दोषी ठरवून झाल्यावरही
साहेब पेन खाली ठेवायचे
आणि पिंजऱ्यातल्या माणसाला विचारायचे,
शिक्षेच्या प्रमाणाबाबत तुला काही सांगायचंय का?
कोणी म्हणे, म्हातारी आई आहे.
कोणी नुसताच पंख्याकडे पाही.
तेही मी टाइप करायची:
आरोपी गप्प राहिला.

तांडापेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी,
रस्ता रुंद करताना मारुतीचा ओटा पाडला.
हुकूम महापालिकेचा, जेसीबी ठेकेदाराचा,
हात तेवढे चिंतामण हेडाऊचे.
आधी त्यानं चप्पल काढली होती. मी पाहिलं.
शेंदराचा एक पोपडा
कितीतरी दिवस जेसीबीच्या दाताला चिकटून होता.

पोळ्याच्या आठ दिवस आधी कळलं,
त्याच्या पोरीला सिकलसेल आहे.
पलक. सात वर्षांची. दुसरीत.
रात्री तिचे गुडघे असे ठणकतात
की आई तव्यावर फडकं गरम करत पहाटेपर्यंत बसते.
सुभद्राकाकू नळावर म्हणाल्या,
"देवाच्या काठीले आवाज नसते, बाई."
हंडा भरेपर्यंत कोणी काही बोललं नाही.
मीही नाही.

घरी येऊन जुन्या सवयीनं कागद ओढला.
गुन्ह्याची तारीख: यंदाचा वैशाख.
रक्तातला विळा: जन्मापासूनचा,
अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून.
म्हणजे शिक्षा आधी, गुन्हा सात वर्षांनी.
आणि जिनं भोगायचं
ती प्रकरणात पक्षकारच नाही.
असा निकाल आमच्या साहेबांनी दिला असता
तर टपरीवर चहा पिणारे वकीलसुद्धा हसले असते.
माणसानं केलं तर दुष्टावा म्हणतो आपण.
त्यानं केलं तर
आवाज खाली आणतो, कानाला हात लावतो.

मी देव मानते.
दर शनिवारी तेल घालते,
आता सायकलच्या दुकानामागे, जिथे त्याला हलवलाय तिथे.
मानते म्हणूनच विचारते.
परक्याच्या दारात जाऊन भांडतं का कोणी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघाली,
डोळे वटारलेली, विजेच्या तारांना डोकं घासत.
सगळी गल्ली घसा फोडून:
ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!
सगळ्यांत वरचा आवाज सुभद्राकाकूंचा.

मला हसू आलं. मग आलं नाही.
काकू, रोगराई जर त्याचा निकाल असेल
तर ती गावाबाहेर नेऊन जाळणारे आपण कोण?
हा तर उघड अवमान झाला,
पणज्यांच्या काळापासून, दरवर्षी, वाजतगाजत.
नळावर तुम्ही एक सांगता, घसा दुसरंच सांगतो.
मला विचाराल तर साक्षीत मी घसा धरीन.

चिंतामण गर्दीच्या कडेला उभा होता, पाडकामाच्याच शर्टात.
पलक खांद्यावर, काखेत लाकडी नंदी.
तिचा मोजा घसरून घोट्याशी आला होता.
काकूंनी ओरडता ओरडताच
तो गुडघ्यापर्यंत वर ओढला,
वर पाहिलंसुद्धा नाही,
आणि पुढे गेल्या.

शनिवारी सायकलच्या दुकानामागे मी तेल घातलं.
ट्यूबला ठिगळ लावणारा पोरगा रबर घासत होता.
तुम्हाला काही सांगायचंय का,
मी साहेबांच्याच आवाजात विचारलं.
तेल ओघळून शेंदरात जिरत राहिलं.
पेन घरी राहिलं होतं.
मी जरा वेळ थांबले.