झाडण

पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये
मी काट्यावर बसतो.
गाडी भरून येते, रिकामी जाते,
मधल्या फरकाची मी चिठ्ठी फाडतो.
माल, वजन, ओल, तूट,
हमाली, तोलाई, सेस.
ताडपत्रीखाली लपून एक किलोसुद्धा
काही न देता फाटक ओलांडत नाही.

आत एसीच्या केबिनमध्ये धाकटे मालक.
त्यांच्या पडद्यावरही गाठीच.
दहाला घेतल्या, दहा वाजून चार मिनिटांनी विकल्या,
चहा येईस्तोवर पुन्हा घेतल्या.
या गाठींत सरकी नाही, ओल नाही,
त्या उचलताना कुणाची कंबर धरत नाही.
फाटकाशी त्या येतच नाहीत,
म्हणून माझ्याकडे त्यांची चिठ्ठी नाही.

मैनाबाई टेकाम रोज संध्याकाळी
रेच्यांखाली उडालेली रुई झाडते.
भिंतीवरची, पंख्यावरची,
माझ्या भुवयांवर बसते तीही, म्हणा.
हंगाम सरता सरता अकरा पोती भरतात,
त्यांच्या गाद्या होऊन आश्रमशाळेत जातात.
मोठ्या मालकांनी घालून दिलेला रिवाज.
कोणाची रुई उडाली, किती उडाली,
आजवर कुणी विचारलं नाही.
तेवढ्यानं कुणाची गाठ हलकी झाली नाही.

पुसातल्या एका दुपारी कुमरे सिस्टरनी
स्कूटी थेट काट्याशी आणून लावली.
मागं मैनाबाईची सून,
पदरात चार दिवसांचं बाळ.
"उपकेंद्राचा काटा दिवाळीपासून बंद आहे.
वर लिहिलं, तर वर निधी नाही.
तुमच्या नमुन्याच्या काट्यावर घेता का, बाबू?"

मी तबकात रुईचा थर अंथरला,
रुई वजा करून आकडा शून्यावर आणला.
बाळ ठेवलं.
आकडा कितीतरी वेळ ठरेना,
कारण ते पाय झाडत होतं.
एक किलो आठशे साठ.

हमाल थांबले. रेचे चालूच होते.
सवयीनं मी चिठ्ठीबुक ओढलं, वजन लिहिलं,
आणि 'माल' या शब्दाशी पेन अडलं.
तूट सिस्टरनी आपल्या वहीत मांडली.
"यवतमाळला न्यावं लागेल."
"आणि गाडी?"
"गाडी आहे. डिझेल मागितलंय वर."

धाकटे मालक बाहेर आले.
वाईट माणूस नाही.
पाचशेची नोट दिली, ड्रायव्हरला हाक मारली,
स्वतःची गाडी काढून दिली.
मैनाबाईनं नोट कपाळाला लावली,
मग काचेतून पडद्याकडं पाहत राहिली.
"काहून जी, ह्या गाठी एवढ्या उडतेत इकडून तिकडं,
मंग यायची झाडण पडते कुठं?"

मालक हसले.
"यांची झाडण नसते, बाई."

रात्री कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर
मी हिशेब मांडला.
दिवसभरात पडद्यावर चार कोटी फिरले होते.
शंभराच्या नोटेमागं एक पैसा,
जो आता कुणी भिकेतही घेत नाही:
चार हजार.
बाळांचा काटा दुकानात बावीसशेला आहे.
खोडून पुन्हा मांडला. चारच हजार.
एका केबिनचे, एका दिवसाचे,
आणि तेही अशा रस्त्यावर
जिथं एसटी हात केल्यावरच थांबते.
पुढं मुंबईपर्यंत किती केबिनी असतील
ते माझ्या पाढ्यात बसेना.

सून अजून यवतमाळलाच आहे.
बाळानं शंभर ग्रॅम धरलं, असा फोन आला.
ती चिठ्ठी मी फाडली नाही,
बुकातच आहे, वजन तेवढं लिहिलेली.

आज सकाळी मैनाबाई
केबिनही झाडून आली.
कुणी सांगितलं नव्हतं.
काट्यापाशी थांबून
तिनं सुपली माझ्यापुढं धरली.
आत काही नव्हतं.
तरी तिनं ती दोनदा आपटली.