डावा कोपरा

उदगीरला आमच्या शाळेच्या मैदानात
एकच पोल सरळ आहे.
दुसरा रेल्वेच्या बाजूला कललेला,
रिंग दोन बोटं खाली, जाळी कधीच नव्हती.
बॉल आत गेला तरी आवाज येत नाही,
म्हणून बसलिंग सर वहीत लिहितात.

सर दिवसभर मोंढ्यात मापाडी.
तुरीची पोती ज्या पेन्सिलीनं मांडतात
तीच कानावरून काढून
संध्याकाळी आमचे शॉट मांडतात :
कुठून मारला, समोर कोण होतं, पास कुणाचा होता.
गेला की टिंब. नाही गेला की फुली.

माझ्या नावाखाली सगळ्यांत जास्त टिंबं.
हे मी घरी सांगितलं होतं, शेजारीसुद्धा.
फुल्या कुणी विचारल्या नाहीत.

त्या साली आम्ही पाचही जणी मारणाऱ्या.
मी, मेहजबीन, तारामती, सुलक्षणा,
आणि अहमदपूरहून आलेली उंच ऊर्मिला.
लातूरला मॅच, आणि आम्ही पाची जणी ओरडतोय,
इकडं, इकडं!
टँकरचा पाइप एक आणि घागरी पुढं ढकललेल्या.
जिच्या हाती बॉल ती ठोकत राहायची,
चौघी तिच्याकडं बघत उभ्या.
एकोणीस-बेचाळीस हरलो.
एकोणीसमधले अकरा माझे.
परतीच्या एसटीत खिडकीशी बसून
मी अकराच मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही उघडली.
"रिंगखालून दहा मारले की सहा जातात. बे सक बारा.
कोपऱ्यातून, रेषेबाहेरून, दहात चार. तीन चोक बारा.
आणि तू जिथून मारूलालीस,
रेषेच्या एक पाऊल आत, पोरगी अंगावर असताना,
तिथून दहात तीन.
बे त्रिक सहा.
पोती तेवढीच, भाव निम्मा.
कोण उचलंल हा माल?"

मला राग आला.
तो शॉट मला आवडतो. हवेत थांबल्यासारखं वाटतं.
आवडण्याचा रकाना वहीत नव्हता.

मग सुलक्षणाला बसवलं
आणि संघमित्रा वाव्हळेला घेतलं,
गोळाफेकवाली, जी रिंगकडं बघतही नाही.
तिचं काम फक्त उभं राहणं.
मेहजबीनच्या मागं पळणाऱ्या पोरीच्या वाटेत
बांधावरच्या दगडासारखं,
आणि धडक बसली की हळूच, "लागलं का गं?"

मला डाव्या कोपऱ्यात पाठवलं.
"बॉल मागायचा न्हाई. आला तर मारायचा."
"आणि नाही आला तर?"
"तर तिथंच."

निलंग्याच्या पोरींना माझी टिंबं ठाऊक होती.
त्यांची सगळ्यांत चपळ पोरगी
माझ्याबरोबर कोपऱ्यात आली, येऊन उभी राहिली.
आम्ही दोघी तिथं,
एसटी चुकलेल्या बायांसारख्या.
आणि मधोमध, रिंगखाली, झाडलेल्या अंगणाएवढी
मोकळी जागा.
संघमित्रानं एकीला अडवलं,
मेहजबीन त्या अंगणातून अनवाणी चालल्यागत आत गेली.
पुन्हा गेली. पुन्हा.
तिच्याकडं दोघी धावल्या तेव्हा ऊर्मिला एकटी होती.

"तू खेळत का न्हाईस?" त्या पोरीनं मला विचारलं.
"खेळूलाले की," मी म्हणाले.
तिला पटलं नाही.
मलाही निम्मंच.

एकदाच ती वळली, मदतीला दोन पावलं गेली,
आणि बॉल माझ्याकडं आला, गरम, घामानं ओला.
मारला. गेला.
तेवढे तीन.

अडतीस-तेहतीस जिंकलो.
घरी आईनं विचारलं, तुझे किती?
तीन म्हटल्यावर तिनं भाकरी उलटली
आणि "बरं नव्हतं का?" असं विचारलं.
कोपऱ्याचं कसं सांगणार तिला.

सर गेले की अजून थांबते कधीकधी.
कललेल्या पोलसमोर, रेषेच्या एक पाऊल आत.
अंगावर कुणी नाही, वही नाही,
परळीकडची मालगाडी जाईपर्यंत दहा मारते.
तीन जातात.
काल चार गेले.