कार्य : अज्ञात

यादीत त्याला नाव नाही, नंबर आहे. एकवीसशे सत्तेचाळीस.
पुढच्या रकान्यात तेच, जे आणखी नऊशे जणांपुढे आहे :
कार्य अज्ञात.
जीवाणू कोराडीच्या राखेच्या तळ्यातला,
मीच बाटलीत भरून आणलेला,
स्कूटीवर, दोन पायांच्या मध्ये धरून.

चौथं वर्ष.
जनुक कापून टाकलं. प्रथिनाविना वाढवून पाहिला.
साखरेत वाढला, मिठात वाढला,
आंबटात कुरकुरला, पण वाढला.
सकाळी दोन्ही बश्यांवर तेच पिवळे ठिपके,
एकाच न्हाव्याकडून आलेल्या भावांसारखे.
"फरक नाही, हाही निष्कर्षच गं," टेंभुर्णे मॅडम म्हणतात.
त्यावर प्रबंध होत नाही, हे म्हणत नाहीत.

पण जीवाणू चिक्कू असतो.
एवढ्याशा बिऱ्हाडात
बिनकामाचं भांडं पिढ्यानपिढ्या कोण घासत बसेल?

नवतपाचा तिसरा दिवस. लाइट गेली.
कूलरची पाती थांबली, वाळ्याचा वास तेवढा राहिला.
शालिकराम ऑटोक्लेव्हपाशी घाम पुसत उभा,
शर्टाच्या खिशात कांदा.
"हा कांदा करतो काय नेमकं?"
"मले काय मालूम, मॅडम.
एक डाव घरीच राह्यला होता.
उनात काई नाई झालं.
घरी आलो, माठाचं पानी पेलो, सावलीत बसलो,
आन् मंग पडलो."

मी फ्लास्ककडे पाहिलं.
आम्ही त्यांना नेहमी उन्हातच मोजलं होतं.

पंचेचाळीस अंश, दोन तास. दोघेही जिवंत.
मग तीसवर आणले, रात्रभर निवांत ठेवले.
सकाळी एक बशी गच्च भरलेली.
दुसरी कोरी. अगदी कोरी.
मी ती खिडकीशी धरून उगाच फिरवत राहिले.

दुसऱ्या खेपेलाही कोरी.
तिसऱ्या खेपेला अकरा ठिपके.
अकरा का? मॅडमनी चष्मा काढला, काही बोलल्या नाहीत.

नोंदवहीत तारीख पेनानं लिहिली.
खाली पेन्सिलीनं, बारीक :
उन्हात नाही. उन्हातून परतताना?
"अज्ञात" अजून खोडलेलं नाही.

अकरा जणांची बशी फ्रिजमध्ये आहे, झाकणावर माझी सही.
उद्या त्यांनाच विचारायचं आहे,
तुम्ही कसे आलात रे घरी,
कांद्याशिवाय.